वापरलेला कोळसा

साल १९८३. सातपूरच्या एका रंगाच्या कारखान्यात निवृत्ती सांडपाणी करवंटीच्या कोळशातून गाळायचा. रंगाची विषारी रसायनं कोळशाच्या बारीक भोकांत अडकायची आणि पाणी निवळायचं. भोकं भरली की कोळसा बदलायचा. जुना कोळसा जातो कुठं, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

पाळी बदलली म्हणून त्या सकाळी तो घरी होता. आई, विठाबाई, मोरीत बसून काळ्या राखुंडीनं दात घासत होती.

"तुझ्या साहेबांनी वस्तीत कोळसा फुकट वाटला," ती कौतुकानं म्हणाली. "कुटून ठेवलाय. महिना झाला, हाच लावते."

निवृत्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राखुंडीची डबी उचलून तो तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला.

"अरे, साधा कोळसा तो!" मॅनेजर हसला. "गोरगरिबांच्या कामी आला, तर बिघडलं कुठं?"

निवृत्तीनं डबी उघडून त्याच्यापुढे धरली.

"मग घासा दात, साहेब."

मॅनेजरनं खुर्ची मागं सरकवली.

"माझ्या आईनं महिनाभर घासले. तुम्ही एकदाच घासा."