काड्यांना चिकटलेला साबण

शी! पहिल्याच वाक्यात नाक मुरडतोय म्हणून रागावू नका, मित्रांनो. मी एक जुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आहे, सिंगापूरच्या एका प्रयोगशाळेतला. माझ्या पोटात आजवर काय काय सरकवलंय ते ऐकलंत, तर तुम्हालाही जेवण जाणार नाही.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. इथे आलो तेव्हा काय थाट होता माझा! हातमोजे घातल्याशिवाय कुणी मला शिवायचं नाही. केसाहून कितीतरी बारीक वस्तू मी दाखवतो, म्हणून शाळेतली मुलं रांगेने बघायला यायची. मग वरच्या मजल्यावर नवा मायक्रोस्कोप आला आणि माझा उकिरडा झाला. घाईचे, अर्धवट धुतलेले नमुने सगळे माझ्याच माथी!

प्रणिता मात्र मला जपायची. ती मूळची पुण्याची. इथल्याच चोआ चू कांग भागात राहायची, लेकीची, इराची, शाळाही तिथेच. प्रणिता सोन्याचे अतिसूक्ष्म कण बनवायची, काही गोल गोळ्या, काही लांबट काड्या. कर्करोगाच्या पेशींत कुठला आकार जास्त शिरतो आणि कुठला त्यांना मारतो, हे तिला शोधायचं होतं. गोळ्या भराभर शिरायच्या, पण पेशी ढिम्म. काड्या कमी शिरायच्या, तरी पेशी पटापट मरायच्या. तिचे साहेब, निशिकांत, हरखूनच गेले.

"आकाराची कमाल आहे ही! पेपर लिहायला घे. तुझ्या इथल्या नोकरीच्या पासचं नूतनीकरणही यावरच आहे, बरं का."

कमाल कसली, डोंबल! तांब्याच्या इवल्याशा जाळीवर वाळवलेल्या त्या काड्या आत आल्या की मला मळमळायचं. काड्या बनवताना एक साबण वापरतात. नंतर तो धुऊन काढायचा असतो. पण जास्त धुतलं की काड्यांच्या गुठळ्या होतात, म्हणून सगळे हात राखून धुतात. तो उरलेला बुळबुळीत थर माझ्या किरणाखाली काळा पडायचा, न घासलेल्या कढईच्या बुडासारखा. शी शी शी!

एका दुपारी प्रणिताला तो काळा डाग दिसला आणि तिचा चेहराच उतरला. तिने काड्या तळाशी बसवल्या, वरचं नुसतं पाणी घेतलं आणि ते कर्करोगाच्या पेशींवर घातलं, निरोगी पेशींवरही घातलं. काडी एकही नव्हती, तरी दोन्ही मेल्या! मग तिने काड्या पुन्हा पुन्हा धुतल्या, गुठळ्या सोडून उरल्या तेवढ्या वापरल्या. या वेळी पेशी मजेत जगल्या.

तिने निशिकांतना माझ्यासमोर आणलं. "सर, आकार नाही मारत, साबण मारतोय. चांगल्या पेशींनाही मारतोय. उद्या हे कुणा आजाऱ्याच्या अंगात गेलं तर?"

"अगं, थोडा साबण सगळ्यांच्याच काड्यांवर असतो." त्यांनी स्वतः नॉब फिरवला आणि काळे डाग टाळत टाळत एक स्वच्छ कोपरा गाठला. "हा बघ, काय सुरेख! काढ फोटो."

"मी नाही काढणार, सर."

"पासचा विचार कर. इराच्या शाळेचा कर."

"केलाय. पेपरवरून माझं नाव काढा."

फोटो त्यांनीच काढला, माझ्याकडून! मला कुठे नाही म्हणता येतं? तो त्यांच्या पेपरात छापून आला, आणि आज मोठा करून भिंतीवर लावलाय. पाहुणे म्हणतात, "जुना असूनही काय स्वच्छ दाखवतो हो हा!" इतकी वर्षं कौतुकाला आसुसलो होतो, आणि मिळालं ते हे असलं. किळस येते मला त्याची.

प्रणिताचा पास संपला. निघायच्या दिवशी ती इराला घेऊन आली आणि फडकं घेऊन मला आतून बाहेरून पुसू लागली.

"व्हाय क्लीन, मम्मी? नॉट अवर्स एनीमोर लाह," इरा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुरकुरली.

"पुढच्या माणसाला खरं दिसायला हवं ना, बाळा," प्रणिता म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हात थांबला नाही.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. माझ्यात काही ठेवण्याआधी ते नीट धुवा, आणि डाग दिसलाच तर नॉब फिरवू नका. मी खोटं दाखवत नाही, पण डागाकडे पाठ फिरवणाऱ्यापुढे माझा काही इलाज चालत नाही. आता मला पुसायलाही कुणी येत नाही, आणि त्या सुरेख फोटोवर भरवसा ठेवून कुठेतरी कुणीतरी आजही काड्या हात राखूनच धुतंय.