टोपावरचं नाव

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा टोप आहे. अंगावर पोचे पडलेत, पण पोटात अजून पन्नास माणसांची खिचडी मावते.

उल्हासनगरच्या दुकानातून मला धुणीभांडी करणाऱ्या कौसाबाईने आणलं. त्यासाठी तिने गळ्यातली सोन्याची पोत मोडली. सिंधी दुकानदाराने नाव कोरायचं मशीन उचललं. "माई, नाम डालू ना? फ्री आहे."

"नको, साईं. देवाला वाचून दाखवावं लागत नाही."

रविवारी उपासनेच्या आधीच तिने मला अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या छोट्या चर्चच्या पायरीवर ठेवलं आणि गुपचूप आत जाऊन बसली. "कोणी दिला?" पाळकांनी विचारलं. खजिनदार हिरामण नुसते हसले. लोकांना वाटलं, यांनीच दिला. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला राग आला, पण म्हटलं, जाऊ दे, भुकेल्यांच्या पोटात तर जातंय!

दर रविवारी मी नाक्यावरच्या मजुरांना, शिवमंदिराजवळच्या निराधारांना जेवू घातलं. घासायला मात्र कौसाबाईच यायची. राखेने असा लखलखीत करायची की मी स्वतःला नवरदेव समजायचो.

पुढे तिचे गुडघे गेले, धुण्याभांड्यांची कामं सुटली. गेल्या नाताळात ती स्वतःच ताटली घेऊन रांगेत उभी राहिली. त्याच आठवड्यात हिरामणांनी माझ्या पोटावर कोरून घेतलं होतं, 'हिरामण यांजकडून गोरगरिबांस सप्रेम भेट.'

"मावशी, ताटली जरा वर धरा," मोबाइल रोखत ते म्हणाले. "फोटोत नाव दिसू दे, मग वाढतो."

कौसाबाईने एकेक अक्षर लावून वाचलं. बोल, बाई, बोल! मी आतल्या आत तडफडलो. तिच्याशी बेइमानी झाली होती आणि ती माझ्याच अंगावर लिहिली होती. एवढं मोठं तोंड असून मला बोलता येईना.

"काढ बाबा लवकर," ती म्हणाली. "मागची माणसं उपाशी हायेत."

जेवून ती नेहमीसारखी मला घासायला बसली. दारातून हिरामण ओरडले, "मावशी, नावावर जोर नका देऊ, पुसून जाईल!"

"नाही देत," ती म्हणाली. मग मला पालथा घालून तिने नावाची बाजू भिंतीकडे केली.

मित्रांनो, भांड्यावर खुशाल नाव घाला, पण कुणाच्या घासावर घालू नका. आणि वाढताना ताटली धरलेला हात नीट बघा. मला ज्या हाताने दिलं, तो हात त्या रांगेतच होता.