पाकटीचा वास

मी वेलेबितच्या डोंगरातली एक रानमांजरी बोलतेय. लगेच 'ये ये माऊ' करू नका, मला शिसारी येते. माणसाच्या मांडीवर बसल्याचा डाग आमच्या घराण्याला नाही.

तीन तान्ही पिल्लं कपारीत ठेवून मी खाली किनाऱ्यावर उतरले, मांदे नावाच्या बाईच्या कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले आणि सापडले. तिच्या नवऱ्याने, येर्को कोळ्याने, मला माशांच्या पेटीत कोंबलं. शेजारच्या पेटीत पाकट होती. मासा म्हणायचा, पण भाकरीसारखा चपटा, बुळबुळीत, आणि तोंड पोटाखाली. आपला घास जिला दिसत नाही, ती काय काय गिळत असेल! मी नाक फिरवलं. वास काही फिरला नाही.

येर्को दोघींना न्याहाळत म्हणाला, "हिचं हत्यार शेपटीत, तिचं पंजात. बाकी फरक काय?"

त्याच्या बापापासूनची रीत होती. पाकट आली की आधी पकडीने शेपटीतला काटा मोडायचा आणि नावेच्या खोपटाच्या दारावर ठोकायचा. मग तिची भीती नाही. खोपटात उंदीर जाळी कुरतडत होते, म्हणून माझीही नांगी मोडून मला तिथे ठेवायचं त्याने ठरवलं.

"अरे, तिला तोंडही आहे," मांदे म्हणाली.

"तुलाही आहे. झाली ना मला सवय?"

पोत्यात गुंडाळून त्याने माझी नखं कापली, त्याच पकडीने. पाकटीचा चिकटा पंजांना माखला. नखांपेक्षा मला तेच झोंबलं.

तेवढ्यात पाकटीच्या पोटातून दोन इवल्या पाकटी घसरून बाहेर आल्या. अंडी नाहीत, जिवंत पिल्लं. आमच्यासारखीच. त्या ओंगळ बाईशी माझं असं नातं निघावं! पण माझं दूध दाटून आलं, ते काही लपेना.

मांदेने पेटी उचलून तिघींना पाण्यात सोडलं. काटा पुन्हा उगवतो तिचा, एवढंच म्हणाली. येर्कोचं लक्ष नव्हतं. तो पोतं सोडून मला कुरवाळायला निघाला होता. बोट पुढे आलं. त्याला मी हाडापर्यंत चावले आणि थेट डोंगर गाठला.

पिल्लं तिन्ही जिवंत होती, भुकेली होती. पण माझा वास घेऊन मागे सरकली. दोन दिवस मी पंजे चाटत बसले. त्या चवीबद्दल न बोललेलं बरं.

तुम्ही आमची तुलना खुशाल करा. फक्त हातात पकड घेऊन करू नका.

नखं उगवू लागलीत. आज सकाळी धाकटं नाक मुरडत मुरडत प्यायला लागलं.

गुण आईचाच.