भरलेला प्याला

आमच्या पुणतांब्याच्या मेथॉडिस्ट मंडळीत पाळक येतात आणि जातात ते कॉन्फरन्सच्या, म्हणजे वरच्या मंडळाच्या, हुकमाने. बदल्या ठरल्या वेळीच होतात. जोएल पाटोळे मात्र मधेच आले, दिवाळी सरल्यावर, टेम्पोत एक कपाट आणि दोन पेट्या घेऊन. एकटेच. मागच्या गावाचं नाव काढलं की ते विषय बदलायचे. तिथूनच मंडळी त्यांच्याकडे तिरकं बघायला लागली. मीही.

प्रभुभोजनात येशूच्या आठवणीसाठी सगळे एकेक प्याला घेतात, त्याचा रस मी करते. आमच्यात द्राक्षारसाच्या जागी दारू चालत नाही, म्हणून काळ्या मनुकांचा रस. महिन्याच्या पहिल्या रविवारी भोजन असतं. ते झालं की काचेचे छोटे प्याले मीच धुते. पाटोळे आल्यापासून त्यात दर वेळी एक प्याला भरलेलाच सापडू लागला. तो पाळकांचा होता. ते नुसता ओठाला लावायचे आणि फडक्याखाली ठेवून द्यायचे.

पाप पोटात ठेवून प्याला घेऊ नये, हे आमच्या पोराटोरांनाही पाठ आहे. मग पाळकच तो टाळतो, तो कशामुळे? मी कमिटीच्या प्रभुदासला सांगितलं.

“मला वाटलंच हुतं,” तो म्हणाला. “मधेच बदली उगं होती व्हय? बायकांचं लफडं आसंल, न्हाईतर मिशनच्या जमिनीचं. रविवारी डी.एस. साहेब येनार हायेत. पाळकांवरचा साहेब त्यो. त्यांच्यापुढं तू प्याल्याचं तेवढं सांग, मावशी. दुसरा पाळक मागून घिऊ.”

मी हो म्हणाले. पण शनिवारी रसाचा डबा चर्चमध्ये ठेवायला निघाले, तशी वाटेत पाळकांच्या दारात थांबले. माघारी सांगायचं ते एकदा तोंडावर विचारावं.

डबा बघून ते दोन पावलं मागे सरले.

“सलाम, पाळकसाहेब. तुमी प्याला का घेत न्हाई?”

“मनुका कधी भिजवल्या, मावशी?”

“गुरवारी. दोन दिस भिजल्या की रंग चढतो. सासूबाईंची रीत हाय.”

“रस उकळत नाही?”

“उकळला की चव जाती. असा जिभंला जरा चुनचुनतो. लोकास्नी लई आवडतो.”

“या उन्हात दोन दिवस,” ते म्हणाले. “झाकण काढा. वास घ्या.”

घेतला. मनुकांचा वास, जरासा आंबूस. नेहमीचाच.

“तुम्हाला काही वाटत नाही. मला दारातून येतो.”

हातातला डबा मी खाली ठेवला.

“मग सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, पाळकाला हा वास एवढा कसा ओळखू येतो. दारू सुटून बरीच वर्षं झाली, मावशी. पण एका घोटाचाही मला भरवसा नाही. मागच्या गावात हे खरं सांगून बसलो. महिन्याच्या आत टेम्पो दारात उभा.”

सुटली म्हणणारे मी पुष्कळ बघितलेत. घरी येताना त्यांचं ते कपाट आठवलं. सदा कुलपात असतं, आत काय ते कुणाला ठाऊक. तरी डबा मी लिंबाच्या बुडाशी ओतला, आणि रविवारी उजाडताच ताज्या मनुका उकळून रस गाळला.

डी.एस. साहेब पुढच्या बाकावर बसले होते. पाळकांनी प्याला उचलला. प्रभुदासने मला डोळ्यांनी खूण केली. पाळकांनी प्याला आधी नाकाशी नेला, मग माझ्याकडे बघितलं. दिवाळीपासून मी त्यांच्याकडे बघत होते, तसंच. मग त्यांनी प्याला पालथा होईपर्यंत प्यायला.

उपासना झाल्यावर साहेबांनी मंडळीला विचारलं, “काही तक्रार?”

“सत्यशीला मावशी, बोल की,” प्रभुदास म्हणाला.

“प्याले मी धुते,” मी म्हणाले. “आज एक बी भरलेला न्हाई.”

साहेब चहाला गेले. प्रभुदास मोरीपाशी आला.

“रस आज गुळमाट का लागला? तुझं आन पाळकाचं काय ठरलंय?”

“उन्हाळा हाय. रस टिकंना, म्हून उकळला,” मी म्हणाले.

तो गेला नाही. मी धुऊन ठेवलेला एकेक प्याला उचलून, पाळकांसारखाच नाकाशी नेऊन, तो वास घेत राहिला.