निळ्याखालची हिरवी

थांबा, फोटो नंतर काढा. ज्या जुन्या पिकअप गाडीच्या बॉनेटवर तुम्ही हात टेकलाय, ती मीच बोलतेय. हैदराबादेतल्या दिलसुखनगरच्या या इमारतीखाली एरवी मला कापड पांघरून ठेवतात. लोक म्हणतात, "वा, काय छान ठेवलीय!" ठेवलीच आहे. चालवतंय कोण?

माझा जन्म कारखान्यातला. दोन गोल दिवे, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर, मागे फळ्यांचा हौदा आणि अंगाला हिरवा रंग. तो मला विचारून दिलेला नव्हता. एका सरकारी खात्यात थोडे दिवस राबले, मग लिलावात भिवाजीच्या हाती आले.

भिवाजी नांदेडकडचा, काचीगुडा स्टेशनवर हमाली करायचा. मला घरी आणल्या दिवशीच त्याने निळा रंग आणला. "आता कोन्या खात्याची न्हाई ही, आपली हाय," तो बायकोला, सरुबाईला म्हणाला.

तेव्हापासून रीतच पडली. भीमजयंतीच्या आदल्या दिवशी सरुबाई डब्यात रंग कालवायची आणि पहिला ब्रश तीच मारायची. दुसऱ्या दिवशी हौद्यात बाबासाहेबांची तसबीर घेऊन मी मिरवणुकीच्या पुढे. एरवी वर्षभर चिक्कडपल्लीकरांची कपाटं, गाद्या, लग्नाची भांडी वाहायची. "ए गाडीवाले!" म्हणून कुणीही हाक मारावी आणि भिवाजीने मुकाट जावं. त्या एका दिवशी मात्र रस्ता आमचा असायचा.

भिवाजी गेला आणि मी त्याच्या नातवाच्या, आदर्शच्या, वाट्याला आले. आदर्श मोठ्या कंपनीत कामाला आहे. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मला न्यायची त्याला हौस. आजीला म्हणाला, "दुरुस्त करून आणतो गं, जयंतीला हीच पुढं राहील." सरुबाईचा जीव हरखला. मीही फसले.

गॅरेजमध्ये रंगवाला घासून घासून वैतागला, खालून पुन्हा निळाच थर. "क्या जी, जित्ता घिसे उत्ता नीलाच निकलरा!"

"पूरा निकालो," आदर्श म्हणाला. "ओरिजिनल होना."

ओरिजिनल! हिरव्या रंगात मी चार दिवस होते, निळ्यात माझा जन्म गेला. सरुबाईच्या हातचे थरावर थर भुकटी होऊन जमिनीवर पडले आणि झाडूने बाहेर गेले.

प्रदर्शनात सगळ्यांनी माझे दिवे वाखाणले, गिअर वाखाणला. आदर्श ऐटीत सांगत होता, "आमच्या आजोबांना गाड्यांचा शौक होता." शौक! त्या माणसाच्या खांद्यांना ओझ्याचे घट्टे पडले होते. पोरगा दुष्ट नाही. पण निळा रंग दिसला की लोक पुढचं विचारतात, आणि ते सांगायला त्याची जीभ रेटत नाही. मला त्याची चीड येते. भिवाजीची गाडी आहे मी, मला लाज कसली?

काल जयंतीचा आदला दिवस. सरुबाई काचीगुड्याहून ऑटोने आली, पिशवीत रंगाचा डबा आणि ब्रश. आदर्शने माझ्यावरचं कापड ओढलं. ती बघतच राहिली.

"ही कुनाची रं?"

"आपलीच, आजी. एकदम ओरिजिनल!"

"मंग माझ्या हातची कुठं गेली?"

आदर्श कापडाची घडी घालू लागला. तिने खाली बसून डबा उघडला, ब्रश बुडवला आणि हात माझ्या दाराकडे नेला. आदर्शने तिचं मनगट धरलं.

"नक्को आजी! डाग पडंल."

सरुबाईने नातवाकडे पाहिलं. मग ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि पिशवी न घेताच निघाली. मिरवणुकीला गाडी नेण्याचं तिने विचारलंही नाही.

आज दुपारपासून मोठ्या रस्त्यावर ढोल वाजताहेत. पुढे कुणाची तरी भाड्याची गाडी असेल. डबा माझ्या मागच्या चाकाशी अजून उघडाच आहे, वर साय धरायला लागलीय.

तुम्ही फोटो काढायला आलात, काढा. पण जाण्याआधी एवढं करा. रंग वाळायच्या आत तो ब्रश डब्यात बुडवा आणि माझ्यावर एक तरी डाग पाडा.