सर्व्हरची राखण

राजेंद्रने सीडी पाकिटात सरकवली, पाकिटाच्या तोंडाला डिंक लावला आणि ते साहेबांपुढे धरलं. खानोलकर साहेबांनी जोडावर आडवी सही केली, पाकीट खणात टाकलं आणि खणाला कुलूप घालून किल्ली शर्टाच्या खिशात ठेवली.

“म्हणजे आता तुम्हालासुद्धा यात हात घालता येणार नाही?”

“मला धरून कोणालाच नाही, साहेब.”

हे वाक्य राजेंद्र उतेकर सकाळपासून मनात घोळवत होता. ते नीट म्हणता आलं याचं त्याला बरं वाटलं. आपलेच हात बांधून घेतल्याचा आनंद माणसाला होऊ शकतो, पण त्यासाठी आधी त्याच्यावर चोरीचा आळ यावा लागतो.

आळ भोंग्यावरून आला होता. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात प्रत्येक शेडमध्ये गॅस मोजायचे मीटर होते. त्यांचे आकडे तारेतून राजेंद्रच्या खोलीतल्या सर्व्हरवर येत आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे आकडा गेला की सर्व्हर भोंगा वाजवी. भोंगा वाजला की माणसं हातातलं टाकून फाटकाकडे धावत, यंत्रं थांबत आणि चढवलेला माल वाया जाई. दोन महिने तो ऊठसूट वाजत होता. सर्व्हरमध्ये शिरून कोणीतरी भोंग्याची सेटिंग बदलतंय, असं मुंबईहून येणाऱ्या तंत्रज्ञाचं म्हणणं. तो येऊन दुरुस्त करून जाई, की आठवड्याभरात पुन्हा तेच.

मुख्य खात्याचा पासवर्ड होता एकट्या राजेंद्रकडे; तंत्रज्ञालाही खातं तोच उघडून देई. कारखान्यात नुकतंच ब्रॉडबँड आलंय, तेव्हा बाहेरचा कोणी असेल, असं त्याने सांगून पाहिलं. खानोलकर साहेबांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नसे, पण माणसावर संशय घ्यायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. महिनाअखेर माणूस सापडला नाही तर आपल्याला वेगळा विचार करावा लागेल, असं ते म्हणाले. नोकरी गेली तर वर पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर परतायचं, आईच्या चार म्हशींमागे. शिवाय चोर म्हणून परतायचं. राजेंद्रला त्यातलं दुसरंच अधिक लागलं.

म्हणून त्याने सर्व्हरवर राखण बसवली. राखण म्हणजे एक प्रोग्रॅम. तो बसवल्या दिवशी सर्व्हरवर असलेल्या एकूण एक फाइलीचा ठसा घेई. ठशांची यादी सर्व्हरवर, पडताळ्याला तिची प्रत सीडीवर, सीडी साहेबांच्या खणात. मग दर थोड्या वेळाने सर्व्हरवरच्या फाइली त्या ठशांच्या यादीशी ताडून पाहायच्या. कुठे केसभर फरक दिसला की कोणती फाइल, कोणत्या खात्यातून, कोणत्या मशीनवरून, हे सगळं थेट साहेबांच्या ईमेलवर. राजेंद्रला त्याची फक्त प्रत. फाइलीत काय लिहिलंय, ते चांगलं की वाईट, याच्याशी राखणीला देणंघेणं नव्हतं. राजेंद्रलाही नव्हतं. भोंग्याची फाइल मुंबईच्या तंत्रज्ञाची, तिच्यातल्या आकड्यांत त्याने कधी डोकं घातलं नव्हतं.

कोणाला काही बोलायचं नाही, अशी साहेबांची ताकीद होती. रंजितालासुद्धा त्याने काही सांगितलं नाही. रंजिता प्रयोगशाळेत केमिस्ट. बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासात राजेंद्र शिकवायचा तेव्हाची त्याची विद्यार्थिनी, आणि ती अजून त्याला सरच म्हणे. जवळच्या वीर गावाहून रिक्षाने यायची, दुपारी डबा घेऊन त्याच्या खोलीत यायची, आणि त्याच्या डब्यातली रोजची तीच ती भाजी बघून, तुम्ही लग्न तरी करा नाहीतर स्वयंपाक तरी शिका, असं बजावायची. तिच्याशी बोलायला राजेंद्रच्या जिभेला खाज सुटे. पण आपल्यावर आळ आलाय हे तिला सांगायची त्याला लाज वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी ती आली नाही. डबा उघडून राजेंद्र वाट बघत बसला होता, तेवढ्यात ईमेल आली. भोंग्याची फाइल बदलली होती. तो इतका खूश झाला की टेबलावर थाप मारली. सापडला. आपण सुटलो. मग त्याने खालची ओळ वाचली. खातं मुख्य, म्हणजे त्याचंच. मशीन प्रयोगशाळेतलं.

त्याला विचार करावा लागला नाही. पासवर्ड त्याच्या आईच्या नावाचा होता, थेट क्लासापासूनचा, आणि पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलीदेखत त्याने तो शंभरदा टाइप केला होता. घास तसाच ठेवून तो उठला.

रंजिता नळाखाली काचेची भांडी विसळत होती.

“भोंग्याची फाइल तू उघडलीस?”

तिने भांडं पालथं घातलं, हात पुसले.

“भोंगा पाचावर लावलेला होता, सर. पहिल्यापासून पाचावर. त्यांनी पंचवीस केला.”

“कोणी?”

“साहेबांनी. त्या मुंबईच्या माणसाकडून. तीन नंबरच्या शेडमधला पाइप गळतोय. मी दोनदा सांगितलं. मीटर नाजूक आहे म्हणाले. पाचाला डोळे चुरचुरतात, सर. पंचवीसला माणूस दारापर्यंत पोचायचा नाही. म्हणून मी परत पाच करते. मग ते परत पंचवीस करतात.”

तीन नंबरच्या शेडमध्ये राजेंद्रचा धाकटा भाऊ होता, नीलेश. वाडीवरून त्याला खाली आणून राजेंद्रनेच तिथे चिकटवला होता. राजेंद्र स्टुलावर बसला.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही कशाला अडकायचं यात?”

मग त्याने तिला सांगितलं, की तो केव्हाचा अडकलाय, दोन महिने साहेब त्यालाच चोर समजतायत. तिचा चेहरा उतरला. साहेब आणि तो मुंबईचा माणूस आपसातच एकमेकांवर चिडत असतील, असं तिला वाटलं होतं. खात्यामागे माणूस असतो हे तिला कळत होतं, पण त्या माणसाला कोणी पकडेल हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“मग पुसून टाका ना ती नोंद,” ती म्हणाली. “मी पुन्हा नाही करणार. दुसरं काहीतरी बघू आपण.”

“नाही पुसता येत.”

“तुम्हाला?”

“मलाच येऊ नये असं केलंय. मीच केलंय.”

तेवढ्यात शिपाई दारात आला आणि साहेबांनी मॅडमना बोलावलंय म्हणाला. रंजिताने ॲप्रन काढून खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवला. जाताना नळ नीट बंद आहे ना, हे तिने वळून पाहिलं. संध्याकाळच्या आत तिने राजीनामा दिला होता. पोलिसांत जायचं की राजीनामा द्यायचा, एवढीच निवड साहेबांनी तिला दिली, असं शिपाई सांगत होता. राजेंद्रला तिच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. ती फाटकाबाहेर रिक्षात बसली, तेव्हा तो खिडकीतून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला. तुमच्यावर उगाच संशय घेतला, मनात ठेवू नका, असंही म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ झाला होता, आणि तेच राजेंद्रला सोसेना.

“साहेब, तो पंचवीसचा आकडा जरा जास्त नाही का?”

साहेबांनी कप खाली ठेवला. ते रागावले नाहीत.

“उतेकर, आकडा किती असावा हे तुमचं काम नाही. तो हलू नये, हे तुमचं काम.”

मग ते त्याच्याबरोबर सर्व्हरच्या खोलीत आले. सकाळीच मुंबईचा तंत्रज्ञ येऊन पुन्हा पंचवीस करून गेला होता. पासवर्ड बदलायचा, सगळ्या फाइलींचा नवा ठसा घ्यायचा आणि सीडी तिथल्या तिथे सीलबंद करायची. राजेंद्र कामाला लागला. मध्येच साहेबांचा मोबाइल वाजला. खोलीत नीट ऐकू येईना म्हणून ते दाराबाहेर गेले आणि पाठ करून बोलत उभे राहिले.

राजेंद्रने भोंग्याची फाइल उघडली. त्याने ती पहिल्यांदाच वाचली. पंचवीस. तिथे पाच करून ठसा घेतला असता तर पाच हेच खरं ठरणार होतं, आणि मग पाचाला हात लावील तो चोर. त्याचीच राखण त्या पाचावर पहारा करत बसली असती. हे त्याच्याइतकं कारखान्यात कोणाला कळत नव्हतं. त्याने दोन पुसून टाकला. स्क्रीनवर पाच उरला.

पण भोंगा वाजल्यावर साहेब विचारणार कोणाला? आता रंजिता नव्हती. पासवर्ड ठाऊक असणारा एकच माणूस उरला होता. मग तो जाणार, आणि त्याच्या शब्दावर लागलेला नीलेशही जाणार, आणि वाडीत आई सगळ्यांना सांगत फिरणार की माझी पोरं तशी नाहीत. दाराबाहेर साहेब हसून कोणाला तरी बरं बरं म्हणत होते. राजेंद्रने दोन पुन्हा लिहिला. फाइल बंद केली, आणि पंचवीस खरे धरून ठसा घेतला. साहेब आत आले तेव्हा तो डिंकाच्या बाटलीचं झाकण काढत होता.

त्यानंतर राखणीची ईमेल रोज सकाळी येऊ लागली. फरक नाही. फरक नाही. साहेबांनी त्या उघडणंही सोडून दिलं. पाइप बदलल्याचं कुठून कानावर आलं नाही. प्रयोगशाळेत नवा मुलगा आला, तो खाली मान घालून काम करी. पॅकिंगला बदली मागून घे, असं राजेंद्रने नीलेशला दोनदा सुचवलं, तर तो का म्हणून विचारू लागला. राजेंद्रला का ते सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर रंजिता का गेली हेही सांगावं लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी नीलेश पाळी संपवून आला तो डोळे चोळतच. चवदार तळ्यामागच्या भाड्याच्या खोलीत दोघे राहत. नीलेश मोरीत वाकून डोळ्यांवर पाण्याचे हबके मारू लागला. राजेंद्र स्टोव्हवरचा भात उतरवत होता.

“आज शेडमधे लय वास मारत व्हता,” नीलेश म्हणाला. “भागोजीकाका तर खोकून खोकून खाली बसला. पोरं म्हणाली, चला बाहेर पळू. मीच थांबवली सगळ्यांना.”

राजेंद्रच्या हातातलं भांडं तिथेच राहिलं.

“तू का थांबवलंस?”

“मग काय तर. म्हटलं, भोंगा वाजला नाय, म्हंजे भ्यायचं कारण नाय. तिथं माझा दादा बसलाय.” त्याने ओला चेहरा वर केला. डोळे लालभडक झाले होते. “बरोबर ना रे दादा?”

राजेंद्रने भांडं खाली ठेवलं.

“हो,” तो म्हणाला.

“उद्या सगळ्यांनाच सांगून ठेवतो,” नीलेश म्हणाला आणि टॉवेल शोधू लागला. “भोंगा वाजल्याबिगर कोनी जाग्यावरनं हलायचं नाय.”