शेवटच्या पाळीची तारीख

एक्स-रेच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला मला विचारावं लागतं, "दिवस गेलेत का?" नियमच आहे तो. दिवसाला पंधरा-वीस जणींना हे विचारायचं आणि महिन्यातून एकदा स्वतःला "नाही" म्हणून सांगायचं, असं माझं चौदा महिने चाललं होतं. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांत होईल काम. कसलं काय. एखादी बाई लाजून "हो" म्हणाली की माझ्या पोटात दुखायचं. खरं तेच सांगते, मोठेपणाचा आव आणून काय उपयोग? मावसभावाच्या बायकोनं गोड बातमी दिली, तर मी तिच्याशी तीन महिने बोलले नाही.

धाकट्या बहिणीला गोळ्या बंद करायला मीच सांगितलं होतं. "वेळ लागतो गं, आत्तापासूनच सुरुवात कर." मनात हे की, ताटकळायला मला सोबत होईल. त्यालाही आता तीन महिने होत आले होते.

त्या दुपारी ती लंगडत माझ्यासमोर आली. ऑफिसच्या जिन्यावर घसरून दाणकन बसली होती आणि डॉक्टरांनी माकडहाडाचा एक्स-रे लिहून दिला होता.

"एवढा मोठा जिना दिसला नाही तुला?"

"जिना दिसला. पायरी दिसली नाही."

तिला टेबलावर आडवं केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"नाही," ती म्हणाली. माझा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

बायका असं उत्तर देत नाहीत. थांबतात, बोटांवर मोजतात, "गेल्या महिन्यात कधी बरं..." म्हणतात. मी काचेमागे गेले आणि तिनं भरलेला फॉर्म पाहिला. शेवटच्या पाळीची तारीख: बारा.

बारा तारीख माझी होती. त्या दिवशी मी तिला फोन करून अर्धा तास रडले होते. खोटी तारीख लिहायची वेळ आली, तर बाईसाहेबांना माझीच आठवली.

माझा तिळपापड झाला. गर्भ राहायचे दिवस ओळखायला मी रोज सकाळी थर्मामीटर तोंडात धरून बसते, आणि हिला तीन महिन्यांत! बटण समोर होतं. फॉर्मवर तिची सही होती, मला कुणीही जाब विचारला नसता. हे सगळं माझ्या मनात आलं आणि बोट बटणावर गेलंसुद्धा. काचेपलीकडे तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते, लहानपणी इंजेक्शन घेताना मिटायची तसे. मी बोट काढलं आणि बाहेर आले.

"किती झाले?"

"काय किती?"

"नाटकं करू नकोस."

"सात आठवडे."

"आणि इथे येऊन झोपलीस? अक्कल गहाण टाकलीस का?"

"तू ते शिशाचं जड एप्रन टाकशील ना पोटावर, मला वाटलं..."

"माकडहाडाच्या एक्स-रेला? मग एप्रनचाच फोटो येईल."

ती रडायला लागली. "बारा तारखेला सकाळीच कळलं. सगळ्यांत आधी तुला सांगायचं म्हणून फोन हातात घेतला, तर तुझाच आला. तू रडत होतीस. कसं सांगणार होते? माझ्याशीही बोलणं टाकलं असतंस."

टाकलंच असतं. ते दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून मी उगाच "नाही" असं म्हटलं नाही. फॉर्मवर काट मारली आणि बायकांच्या डॉक्टरांना फोन लावला. सात आठवडे झालेत, जिन्यावरून पडली आहे, लगेच बघाल का? पेशंट कोण, त्यांनी विचारलं. माझी बहीण, म्हणाले, आणि डोळे पुसले.

फोन ठेवला तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती.

"रागावलीस?"

"हो. नऊ महिने तरी जायचा नाही हा राग. आता हात दे आणि सावकाश उतर."